दरवर्षी लस टोचूनही गोठ्यात लंपी का येतो? वासरे, शेळ्यांची देवीची लस आणि नवे संशोधन

प्रश्न : गोठेकरी, राहाता (जि. अहिल्यानगर)

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या गोठ्यात संकरित होल्स्टीन गायी, काही कालवडी आणि दोन म्हशी आहेत. 2022 साली लंपीची (गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य त्वचारोगाची) मोठी साथ आली तेव्हापासून आम्ही एकही वर्ष लस चुकवलेली नाही, आणि प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर त्याची नोंद झालेली आहे. तरीही यंदा पावसाळा सुरू झाल्यावर आजार आमच्या दारात आलाच. मोठ्या गायींपैकी एकीच्या मानेवर आणि पाठीवर तुरळक गाठी उठल्या, दोन दिवस ताप राहिला, दूध कमी झाले, पण ती लवकर सावरली. वासरांची स्थिती मात्र फार वाईट झाली. पाच महिन्यांच्या पाडीच्या अंगभर गाठी आल्या, पुढचे पाय सुजले, आणि अजूनही तिच्या जखमा भरत आहेत. अडीच महिन्यांचे खोंड आम्ही वाचवू शकलो नाही. या दोघांनाही लस मिळालेली नव्हती; पथक आले तेव्हा पाडी लहान आहे म्हणून तिला वगळले होते आणि खोंड तर तेव्हा जन्मलेच नव्हते. म्हशींना काहीही झाले नाही.

गावात आता दोन मते पडली आहेत. काहीजण म्हणतात की गायीच्या आजाराला शेळीची लस देणे हीच मुळात चूक आहे, आणि गायींसाठी निघालेली खास लस हाती येईपर्यंत टोचून घेण्यात अर्थ नाही. दुसरे म्हणतात की विषाणूच बदलला आहे, त्यामुळे कोणतीही लस चालणार नाही. माझा प्रश्न असा की संशोधन यांपैकी कोणत्या मताला आधार देते, आणि पुढच्या वर्षी वासरे वाचवायची असतील तर आम्ही नेमके काय बदलावे? ऐकीव माहिती नको आहे. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : निवृत्त पशुधन विकास अधिकारी, जळगाव जिल्हा

आपले खोंड गेल्याचे वाचून वाईट वाटले. आपण दिलेल्या माहितीतच आपल्या प्रश्नाच्या बऱ्याचशा भागाचे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. लस टोचलेल्या मोठ्या गायीला सौम्य आजार झाला आणि लस न मिळालेल्या दोन्ही वासरांना तीव्र आजार झाला. ही लस निकामी असल्याची खूण नव्हे. लंपीची कोणतीही उपलब्ध लस शंभर टक्के जनावरांना संसर्गापासून वाचवत नाही; तिचा मुख्य लाभ असा की आजार सौम्य राहतो, मरतूक घटते आणि गोठ्यातून बाहेर जाणारा विषाणू कमी होतो.

शेळ्यांच्या देवीची लस गायीला का चालते, हा प्रश्न 2022 च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातील चिनावल येथे राज्यातील त्या साथीची पहिली नोंद झाली तेव्हा आम्हाला प्रत्येक गोठ्यात विचारला जात असे. गायींचा लंपी, मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी या तिन्ही आजारांचे विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच वंशातले असून त्यांच्या जनुकीय रचनेत फारच थोडा फरक आहे. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला बऱ्याच अंशी ओळखते. भारतात वापरली जाणारी लस शेळ्यांच्या देवीच्या उत्तरकाशी या वाणापासून बनवलेली आहे, आणि गायीला तिची मात्रा शेळीपेक्षा जास्त दिली जाते. 2019 मध्ये ओडिशात हा आजार देशात प्रथम आढळला तेव्हा गायींसाठीची स्वतंत्र लस आपल्याकडे नव्हती, आणि जे हाताशी होते ते तत्काळ वापरणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. 2022 मध्ये देशात दीड लाखाहून अधिक गुरे दगावली. 2019 च्या पशुगणनेनुसार सुमारे 1 कोटी 40 लाख गोवंश असलेल्या आपल्या राज्यात त्या वर्षी जवळजवळ सर्व गोवंशाला ही लस टोचली नसती, तर आपल्या वाट्याची हानी कितीतरी मोठी झाली असती असे माझे ठाम मत आहे.

आता वासरांकडे वळतो, कारण खरी फट तिथेच आहे. लस चार महिन्यांवरील जनावरांना द्यावी अशी आपल्याकडची सूचना आहे. त्यामागचे कारण असे की लसीकृत गायीच्या चिकातून वासराला प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) मिळतात, आणि ती रक्तात असेपर्यंत जिवंत लशीतील सौम्य केलेला विषाणू शरीरात नीट वाढू शकत नाही. परंतु ही उसनी प्रतिपिंडे लवकर ओसरतात. सर्बियात झालेल्या अभ्यासात ती चार महिन्यांच्या आतच संपल्याचे दिसले, आणि म्हणूनच त्या संशोधकांनी लस सहा महिन्यांपर्यंत लांबवू नये, तीन ते चार महिन्यांतच द्यावी असे सुचवले. आपली पाडी पथक आले तेव्हा लहान होती हे बरोबर. पण ती चार महिन्यांची झाली त्या दिवशी तिला लस मिळाली नाही, कारण पथक वर्षातून एकदाच येते आणि वासरे मात्र वर्षभर जन्मत असतात. पुढच्या वर्षी बदलण्याची पहिली गोष्ट हीच आहे. प्रत्येक वासराची जन्मतारीख भिंतीवर लिहून ठेवा, आणि ते चार महिन्यांचे होताच आपल्या दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवून लस टोचून घ्या. मोठ्या जनावरांची लस पावसाळ्याच्या किमान महिनाभर आधी झालेली असावी. टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि त्या काळात आजार झाल्यास दोष लशीवर जातो, जरी विषाणू आधीच शरीरात शिरलेला असला तरी.

अडीच महिन्यांच्या वासरासाठी लशीचा उपाय नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याच्यासाठी दोनच आधार आहेत: जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत भरपूर चीक, आणि चावणाऱ्या कीटकांपासून बचाव. गाभण गायीची लस वेळेवर झालेली असेल तरच त्या चिकात काही दम असतो. गायीच्या आचळावर गाठी किंवा जखमा असतील तर वासराला थेट पिऊ देऊ नये, कारण विषाणू दुधातून आणि त्या जखमांतून वासरापर्यंत पोहोचू शकतो; दूध उकळून, कोमट करून पाजावे. माणसांना हा आजार होत नाही, त्यामुळे उकळलेल्या दुधाविषयी घरच्यांनी कोणतीही शंका बाळगू नये.

उत्तर 2 : विषाणूशास्त्राचा अभ्यासक, बेंगळुरू

डॉक्टरसाहेबांनी वासरांविषयी जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. विषाणू बदलला का आणि नव्या लशीची वाट पाहावी का, या दोन मुद्द्यांवर मात्र लिहितो.

लंपीचा विषाणू डीएनए प्रकारचा आहे, आणि त्याच्या जनुकसंचात सुमारे दीड लाख अक्षरे असतात. अशा विषाणूंमध्ये बदल इन्फ्लुएन्झा किंवा कोविडच्या विषाणूंच्या मानाने सावकाश होतात. तरीही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 2022 च्या साथीतील 22 नमुन्यांचे संपूर्ण जनुकवाचन करून 2024 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते विचार करायला लावणारे होते. देशात एकाच वेळी विषाणूचे दोन गट फिरत होते. एक गट 2019-20 मध्ये रांची आणि हैदराबाद येथे सापडलेल्या विषाणूशी जवळचा होता, तर दुसऱ्या गटात खूप जास्त बदल होते आणि तो 2015 च्या रशियातील विषाणूशी मिळताजुळता होता. सर्व नमुन्यांत मिळून 1800 हून अधिक जनुकीय फरक आढळले. तेव्हा “विषाणू बदलला” हे गावातील मत निराधार नाही. परंतु त्यावरून “लस चालणार नाही” असा निष्कर्ष निघत नाही. देवी वंशाच्या विषाणूंत लस विषाणूच्या शंभराहून अधिक प्रथिनांपैकी अनेकांविरुद्ध प्रतिकार तयार करते, आणि त्यांतली काही बदलली म्हणून सगळी ओळख पुसली जात नाही. मेंढ्यांची किंवा शेळ्यांची लस गायीला चालते हाच त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे, कारण तिथे तर विषाणूची जातच वेगळी असते.

गायीच्या विषाणूपासून बनलेली लस परक्या विषाणूच्या लशीपेक्षा सरस असते का? सामान्यतः होय, पण उत्तर तेवढ्यावर थांबत नाही. इस्राएलमध्ये दोन प्रकारच्या लशी प्रत्यक्ष कळपांत शेजारी शेजारी वापरून पाहिल्या गेल्या, तेव्हा लंपीच्या नीथलिंग या वाणाची लस मेंढ्यांच्या देवीच्या दहापट मात्रेतील लशीपेक्षाही स्पष्टपणे प्रभावी ठरली. मात्र थोड्या गायींना लशीमुळेच सौम्य गाठी आल्या. आग्नेय युरोपात याच वाणाच्या लशीने मोठी मोहीम झाली आणि तिथे नोंदलेले उद्रेक 2016 मधील 7,483 वरून 2017 मध्ये 385 वर आले. याउलट इथिओपियातील एका तुलनेत शेळ्यांच्या देवीच्या गोरगन वाणाची लस तिथे वापरल्या जाणाऱ्या नीथलिंग लशीपेक्षा चांगली ठरली. वाण, मात्रा, निर्मितीची गुणवत्ता आणि शीतसाखळी (कारखान्यापासून गोठ्यापर्यंत लस थंड ठेवण्याची व्यवस्था) या सगळ्यांचा हिशोब लागतो, आणि म्हणून “शेळीची म्हणजे वाईट, गायीची म्हणजे चांगली” असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

निर्मितीची गुणवत्ता किती निर्णायक ठरते याचे एक गंभीर उदाहरण कझाकस्तानचे आहे. तिथे वापरलेल्या एका जिवंत लशीत तपासणीअंती दोन निरनिराळ्या लंपी लस-वाणांचे आणि शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचे अंश सापडले. त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन तयार झालेले संकरित विषाणू पुढे रशिया, चीन आणि आग्नेय आशियात पसरले. जिवंत लस बनवताना बीजविषाणू, म्हणजे ज्यापासून लस वाढवतात तो मूळ विषाणू, शुद्ध असणे किती आवश्यक आहे हे त्यातून शिकायला मिळाले, आणि परवाना नसलेली लस कुणी परस्पर आणून देत असेल तर ती कधीही घेऊ नये हेही.

भारतातील प्रगती सांगायची तर, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने लंपी-प्रोव्हॅक ही लस विकसित केली आणि 10 ऑगस्ट 2022 रोजी ती जाहीर झाली. रांचीच्या गायींतून 2019 मध्ये वेगळा केलेला विषाणू पेशींमध्ये पुन्हापुन्हा, पन्नास फेऱ्यांपर्यंत वाढवून तो सौम्य करण्यात आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्या निर्मितीसाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेशी नागपूर येथे करार झाला. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये बायोव्हेट कंपनीच्या बायोलंपीव्हॅक्सिन या लशीला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला. तिचे वैशिष्ट्य असे की लशीमुळे तयार झालेली प्रतिपिंडे आणि खऱ्या संसर्गामुळे तयार झालेली प्रतिपिंडे रक्ततपासणीतून वेगळी ओळखता येतात. एकट्या गोठ्याला याचा फारसा फरक पडणार नाही, पण एखादा जिल्हा आजारमुक्त झाला आहे का हे ठरवण्यासाठी अशी ओळख अत्यंत मोलाची आहे. आज लस सर्वांना दिलेली असल्यामुळे रक्तातील प्रतिपिंडे पाहून काहीच सांगता येत नाही. आणि प्रतिपिंडे कमी दिसली म्हणून जनावर असुरक्षित आहे असेही नाही, कारण या आजारातील संरक्षणाचा मोठा भाग पेशींच्या प्रतिकारशक्तीतून येतो.

म्हणून माझे उत्तर: नवी लस आपल्या दवाखान्यात उपलब्ध झाली तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ती अवश्य घ्यावी, परंतु तिची वाट पाहत जनावरांना एक पावसाळाही लशीविना ठेवू नये.

उत्तर 3 : पशुपालक, सांगोला तालुका

डॉक्टरसाहेब आणि अभ्यासक दादा, दोघांनीही लशीविषयी इतके चांगले लिहिले आहे की त्यावर मी बोलण्यासारखे काही नाही. पण माझ्या मते गोठेकरी दादांच्या प्रश्नातला अर्धा भाग अजून उरला आहे. आपण लशीवर सगळी चर्चा करतो आणि माशीला विसरतो.

आमच्या भागात कृषी विज्ञान केंद्राच्या एका प्रशिक्षणात आम्हाला इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेचा 2021 चा प्रयोग समजावून सांगितला होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी संसर्ग झालेल्या वासरांवर दोन जातींचे डास, चिलटे आणि गोठ्यात आढळणारी चावणारी माशी, जिला शास्त्रात स्टोमोक्सिस म्हणतात, असे कीटक बसवले आणि कोणाच्या शरीरात किती विषाणू जातो आणि किती टिकतो ते मोजले. अंगावर गाठी आलेल्या वासरांच्या तुलनेत, संसर्ग होऊनही लक्षणे न दिसणाऱ्या वासरांकडून कीटकाला विषाणू मिळण्याची शक्यता सुमारे 97 टक्क्यांनी कमी निघाली. कीटकांच्या शरीरात विषाणू आठ दिवसांपर्यंत टिकला, आणि आजार पसरवण्याची क्षमता स्टोमोक्सिसमध्ये सर्वाधिक असल्याचे त्यांच्या गणिताने दाखवले. म्हणजे गाठी दिसताक्षणी त्या जनावराला बाजूला नेणे, हे औषधाइतकेच परिणामकारक काम आहे. संध्याकाळपर्यंत थांबून बघू, असे आपण म्हणतो तेव्हा त्या गाठीवर दिवसभर माश्या बसून पुढच्या दावणीला जात असतात.

ही माशी घरातल्या माशीसारखीच दिसते, पण तिची सोंड पुढे रोखलेली असते आणि ती मुख्यतः पायांवर चावते. जनावरे सारखे पाय आपटत असतील तर ती आहे असे समजावे. नर आणि मादी दोघेही रक्त पितात, आणि जनावराने शेपटी मारून उडवली की अर्धवट पोटाने ती शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. विषाणू पसरतो तो असा. तिची अंडी ताज्या शेणापेक्षा मूत आणि शेण मिसळून कुजलेल्या चाऱ्यात, गव्हाणीखाली साचलेल्या उष्टावळीत आणि मुरघासाच्या सांडलेल्या थरात जास्त वाढतात. आमच्याकडे आम्ही फवारणीवर खर्च करत होतो आणि गव्हाणीखालचा ओला थर मात्र तसाच राहत होता. तो थर आठवड्यातून किमान दोनदा खरवडून उन्हात पातळ पसरवायला लागल्यापासून माश्या डोळ्यांना दिसतील इतक्या कमी झाल्या. अंड्यापासून माशी व्हायला उबदार हवेत दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याच्या आत जागा कोरडी केली तर तिची पिढी पुरी होत नाही.

लहान वासरांना आम्ही पावसाळ्यात मोठ्या जनावरांपासून वेगळ्या, बारीक जाळी लावलेल्या खोलीत बांधतो. खर्च थोडा होतो, पण चार महिन्यांपर्यंतच्या वासराला दुसरे कोणतेही कवच नसेल तर जाळी हेच कवच आहे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर 2 लिहिणारे, पुन्हा

ताईंनी अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे, आणि त्याला फक्त एक पुस्ती जोडतो. पिरब्राइटच्या प्रयोगानंतर 2023 मध्ये बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की लक्षणे न दिसणाऱ्या जनावरांकडूनही स्टोमोक्सिसमार्फत दुसऱ्या जनावराला संसर्ग होऊ शकतो. तेव्हा ती शक्यता फार कमी आहे, पण शून्य नाही. व्यवहारात याचा अर्थ असा की गाठी आलेले जनावर वेगळे करणे सर्वांत आधी, आणि त्याच्या शेजारी बांधलेल्या जनावरांची बाजारात ने-आण महिनाभर थांबवणे त्यानंतर लगेच. प्रयोगात संसर्ग दिलेल्या जनावरांपैकी जवळपास निम्म्यांत लक्षणेच दिसत नाहीत, आणि आजार नव्या गावात जातो तो बहुतेक वेळा अशाच धडधाकट दिसणाऱ्या, टेम्पोतून आणलेल्या जनावराबरोबर. माशी सहसा फार लांब उडून जात नाही.

प्रश्न विचारणारे

तिघांचेही मनापासून आभार. आमच्या गोठ्यात मुरघासाची खाच नेमकी वासरांच्या जागेला लागून आहे, आणि तिथला ओलावा आम्ही कधी आजाराशी जोडून पाहिला नव्हता. ती जागा या आठवड्यात बदलत आहोत. दोन शंका उरतात. पाडीच्या अंगावरच्या खपल्या गळत आहेत, त्यांचे काय करावे? आणि आमच्या गावात सामाईक वळू आहे, ज्याला मागच्या महिन्यात गाठी येऊन गेल्या. तो आता बरा दिसतो, तर गायी त्याच्याकडे न्याव्यात का? शिवाय विड्याची पाने, मिरी, मीठ आणि गूळ यांचा काढा बरेचजण सुचवतात, त्याविषयीही कृपया सांगावे.

उत्तर 1 लिहिणारे, पुन्हा

वळूपासून सुरुवात करतो, कारण ते तातडीचे आहे. गायी त्याच्याकडे सध्या मुळीच नेऊ नका. प्रयोगांत संसर्ग झालेल्या वळूच्या वीर्यात जिवंत विषाणू 42 दिवसांपर्यंत आणि विषाणूचा जनुकीय अंश 159 दिवसांपर्यंत आढळलेला आहे. वळू बाहेरून बरा दिसत असला तरी वीर्याची तपासणी होऊन ते स्वच्छ असल्याचे कळेपर्यंत गावाने कृत्रिम रेतनावर अवलंबून राहावे, आणि रेतमात्रा मान्यताप्राप्त केंद्राचीच घ्यावी.

खपल्यांत विषाणू बराच काळ जिवंत राहतो. वाळलेल्या खपलीत सुमारे 35 दिवस. म्हणून त्या झाडून उकिरड्यावर टाकू नयेत. हातमोजे घालून गोळा कराव्यात, जाळाव्यात किंवा चुन्यासह खोल पुराव्यात, आणि जागा 2 ते 3 टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुवावी. शेण आणि चिखल आधी काढला नाही तर हे द्रावण निष्प्रभ ठरते, हे लक्षात ठेवा. पाडीच्या जखमांवर माशी बसू देऊ नका, कारण आता तिला धोका विषाणूपेक्षा जखमेत होणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गाचा आणि अळ्यांचा जास्त आहे. प्रतिजैविक द्यायचे की नाही ते जखम पाहून आपल्या पशुवैद्यकांना ठरवू द्या; विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, आणि दुभत्या जनावरात ते विनाकारण दिल्यास दुधात अंश उतरतात.

काढ्याविषयी : राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हा पारंपरिक उपाय पशुपालकांपर्यंत पोहोचवला आहे, आणि जनावर खात-पीत असेल तर प्रमाणात देण्यास माझी हरकत नाही. कडुनिंब, हळद आणि खोबरेल तेलाचा लेप जखमेवर माश्या कमी बसाव्यात म्हणून उपयोगीही पडतो. मात्र काढा हा लशीचा किंवा विलगीकरणाचा पर्याय मानला जाऊ नये, आणि घशात गाठी असलेल्या, धाप लागलेल्या वासराला नाळीने जबरदस्तीने काहीही पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊन वासरू हाताबाहेर जाते.

आपल्या मृत खोंडाची नोंद दवाखान्यात झाली नसेल तर ती अवश्य करून घ्या. 2022 मध्ये राज्य शासनाने लंपीने दगावलेल्या गायीसाठी 30,000, बैलासाठी 25,000 आणि वासरासाठी 16,000 रुपये साहाय्य जाहीर केले होते. सध्या कोणता आदेश लागू आहे हे पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारावे. साहाय्य मिळो न मिळो, नोंद झाली तरच आपल्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरण करण्याचा निर्णय घेता येतो, आणि शेजारच्या वस्तीवर आज जी वासरे साडेतीन-चार महिन्यांची आहेत त्यांच्यापर्यंत पथक वेळेत पोहोचते.